सहाशे ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. चाळीस वर्षे मी माणसांना त्यांच्या तोंडावर खरे सांगितले. कुणाला ते आवडले, कुणाला झोंबले, मी पर्वा केली नाही. फक्त दोन महिने मी खोटे बोललो. त्या दोन महिन्यांत एका मुलीच्या आयुष्याचे मातेरे झाले, म्हणून आज तोंड उघडतो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. खाली जाड लोखंडी पाया, त्यावर माणसाच्या छातीएवढा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर दोन सरकती वजने. मोठे किलो सांगते, लहान ग्रॅम सांगते. पायावर कुणी उभे राहिले की ती वजने सरकवत न्यायची. दांडी हवेत अगदी सरळ थांबली की झाले माप. दांडीच्या मागच्या टोकाला वाटाण्याएवढा एक पितळी स्क्रू आहे. पाया रिकामा आणि दोन्ही वजने शून्यावर असली, तर दांडी सरळ राहिलीच पाहिजे. नसेल राहत, तर तो स्क्रू जरासा फिरवायचा. माझा सगळा खरेपणा त्या वाटाण्याएवढ्या स्क्रूत आहे. मला तपासणाऱ्या कारागिराने निरोप देताना माझ्या खांबावर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाबा, कुणाची भीड धरू नकोस."

मी आलो तो एका व्यायामशाळेत. तिथे वजन उचलणारे खेळाडू तयार होत. भिंतीशी लोखंडी चकत्या रचलेल्या, जमिनीवर रबराचे जाड पट्टे, आणि हाताला लावायच्या खडूची पांढरी धूळ जिकडेतिकडे. या खेळात प्रत्येकाने आपल्या वजनाच्या गटातच उतरायचे असते. शंभर ग्रॅम जास्त भरले तरी बाहेर. त्यामुळे मोठमोठे दांडगे गडीसुद्धा माझ्यासमोर श्वास रोखून उभे राहत. खेळाडूंना शिकवणाऱ्या सरांचा नियम होता की कुणी घरी काटा ठेवायचा नाही. "दोन काटे बघणाऱ्याला वेड लागतं," असे ते म्हणत. साहजिकच माझा शब्द शेवटचा असे, आणि खरे सांगायचे तर मी थोडा शेफारलो होतो.

ती पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली तेव्हा सोळा वर्षांची होती. अंगाने एवढीशी, पण पुढे स्वतःच्या दुपटीचे वजन डोक्यावर नेऊ लागली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. तिची एक सवय होती. बाकीचे येत आणि सरळ चढत. मुंगी आधी दोन्ही वजने शून्यावर आणायची, वाकून रिकामी दांडी निरखायची आणि मगच पाय ठेवायची.

तिथल्या सगळ्या लोखंडाला तेलपाणी करणारा एक तरुण मिस्त्री होता. माझा स्क्रू सांभाळणे हेही त्याचेच काम. त्याला मुंगीची ही तपासणी लागली.

"काय गं, रोज शून्य बघतेस? मी काय इथे झोपा काढतो?"

"तुमच्यावर विश्वास आहे, मिस्त्री. काट्यावर नाही."

मला खरे तर राग यायला हवा होता. पण मला ती मुलगी फार आवडली.

वर्षे गेली. तिला पदके मिळू लागली. पहिले पदक तिने माझ्याच पायावर ठेवून तोलले आणि खो-खो हसली. "दोनशे ग्रॅम! एवढ्यासाठी मरायचं?" सगळे हसले. मिस्त्रीही हसला.

मग एके सकाळी ती आली आणि शून्य न बघताच माझ्यावर चढली. माझी वजने मिस्त्री सरकवत होता, आणि ती दांडीकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. "किती भरले रे?" तिने विचारले. त्या 'रे'वरून मी काय ते समजलो. प्रेमात माणूस आंधळा होतो हे मी ऐकून होतो. शून्य बघायचे सोडण्याइतका होतो, हे त्या दिवशी पाहिले. त्यानंतर वर्षानुवर्षे मुंगीने माझे शून्य पाहिले नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी तिची खरी परीक्षा आली. तिचा गट पंचावन्न किलोंचा. पण सोळाव्या वर्षीचे शरीर अठ्ठाविसाव्या वर्षी कुठून आणायचे? तिचे शरीर आता एकोणसाठवर सुखाने राहत होते. शरीर म्हणजे काही पालेभाजीची जुडी नव्हे, की चार काड्या काढल्या आणि बसवली मापात. वरच्या गटात तिचा निभाव लागणार नव्हता. देशाच्या संघासाठीच्या निवडीत ती दोनदा दुसरी आली होती, आणि निवड होते ती फक्त पहिलीची. सरांनी आडपडदा ठेवला नाही. "यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसरी पोर असेल."

मुंगीने जिवाचे रान केले. उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढले. अंगात दोन-दोन कोट चढवून ती पळायची. वजनाच्या आधी दोन-तीन दिवस पाणी तोडायची, म्हणजे घोटभरही प्यायची नाही. तिचे तळवे माझ्या लोखंडापेक्षा गार लागू लागले. एका सकाळी ती माझ्यावरच कोसळली आणि तिचे कपाळ माझ्या खांबावर आपटले. मिस्त्रीने तिला उचलून दवाखान्यात नेले.

दुसऱ्या दिवशी दोघे माझ्याजवळच भांडले.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? मूत्रपिंडं थकलीयेत तुझी. पुन्हा असं पाणी तोडलंस तर कायमची जातील."

"पाच आठवडे राहिलेत. मग आयुष्यभर पाणीच पिईन."

"आणि आपलं लग्न?"

"निवड झाली की दोन वर्षं शिबिर. ते संपलं की लगेच."

"दोन वर्षं?"

"बारा वर्षं घासलीयेत मी, मिस्त्री. तू दोन मोजतोस?"

चार दिवसांनी, भर दुपारी, हॉल रिकामा असताना तो माझ्याकडे आला. त्याने चिमटीत माझा पितळी स्क्रू धरला आणि फिरवला. मग वीस किलोची चकती पायावर ठेवून पाहिली. मी एकोणीस किलो चारशे दाखवले. कुंपणानेच शेत खाल्ले, मित्रांनो! माझा खांब लोखंडाचा नसता तर मी ओरडलो असतो.

"तीन दिवस आधी परत फिरवीन," तो मलाच सांगत होता. "तोवर चार घास खाऊ दे तिला. शेवटचे सहाशे ग्रॅम काय, घामाने जातील."

मुंगी दुसऱ्या दिवशी चढली आणि एकदम कमी भरली. तिला वाटले, कष्ट फळाला आले. ती थोडे जेवू लागली, पाणी पिऊ लागली. तिच्या ओठांवरच्या भेगा भरल्या. तसे तर साऱ्या हॉलचेच वजन उतरले होते! त्या महिन्यात दुसऱ्या कुणाची स्पर्धा नव्हती, म्हणून कुणी खोलात गेले नाही. सर तर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बघा, शिस्तीचा परिणाम." मला मात्र शरम वाटत होती.

तीन दिवस उरले, मिस्त्री आला, स्क्रूला हात लावला आणि 'उद्या' म्हणून परत गेला. दोन दिवस उरले, पुन्हा 'उद्या'. शेवटच्या संध्याकाळी त्याने बोटे स्क्रूवर ठेवलीच होती, इतक्यात ती आली आणि चढली. बरोबर पंचावन्न. मुंगी हुंदके देऊन रडू लागली. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. "पाणी न तोडता आलं रे! पहिल्यांदाच. आता मी जिंकते बघ." त्याचे हात तिच्या पाठीवर होते आणि डोळे माझ्या स्क्रूवर. तेव्हा तरी त्याने बोलायला हवे होते. तो बोलला नाही.

पुढचे मी पाहिले नाही, सरांच्या तोंडून ऐकले. पहाटेच्या बसने ती सरांबरोबर दुसऱ्या शहरात गेली. पोहोचली ती थेट वजनाला. तिथला काटा म्हणाला, पंचावन्न किलो सहाशे. तिला वाटले, काटा बिघडला आहे. दुसऱ्या काट्यावर उभी राहिली, तोही तेच म्हणाला. हातात एक तास होता. तिने अंगाला प्लास्टिक गुंडाळले, वर दोन कोट घातले आणि जिन्यावरून वरखाली पळत सुटली. सरांनी तिची वेणी कापली. दीडशे ग्रॅम आणि सात मिनिटे उरली होती, तेव्हा ती तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर पडली. पुन्हा उठली नाही.

सतरा दिवस ती दवाखान्यात होती. मिस्त्री तिच्या उशाशी बसून होता. जीव वाचला, पण मूत्रपिंडांचे निम्मेच काम परत सुरू झाले. पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

महिन्याने ती हॉलमध्ये आली. कापलेले केस, पांढरा चेहरा. मिस्त्री मागोमाग आला. ती माझ्यासमोर उभी राहिली. कितीतरी वर्षांनी तिने माझी दोन्ही वजने शून्यावर आणली आणि वाकून रिकामी दांडी पाहिली. माझ्या दांडीने नाक खाली टाकले होते. स्क्रू अजून तसाच होता.

"वीसची चकती ठेव यावर," ती म्हणाली. "तूच ठेव. मला उचलायची बंदी आहे."

मिस्त्रीने चकती ठेवली. तिने वजने सरकवली. एकोणीस किलो चारशे.

"मला तू जिवंत हवी होतीस," तो म्हणाला. "परत फिरवणार होतो. देवाशप्पथ फिरवणार होतो."

"जिवंत हवी होते, की घरी हवी होते?"

"दोन्ही," तो म्हणाला. "तू शिबिराला जाऊ नयेस, असंही वाटायचं मला. खोटं नाही बोलत."

"आता नाही बोलत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पाणी तोडून मेले असते तर ती माझी चूक असती, मिस्त्री. तू मला माझी चूकसुद्धा करू दिली नाहीस."

तिने त्याला चकती उतरवायला लावली. मग स्वतः चिमटीत माझा स्क्रू धरला आणि दांडी सरळ होईपर्यंत फिरवला. ती माझ्यावर उभी राहिली नाही. दार ओढून घेतले आणि निघून गेली. त्यानंतर ती आम्हा दोघांपैकी कुणालाच दिसली नाही, त्यालाही आणि मलाही.

पुढे हॉलमध्ये आकडे चमकणारा नवा काटा आला आणि मला भंगारात काढले. मिस्त्रीने मला मागून घेतले आणि आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या कोपऱ्यात उभे केले. माझ्या दांडीवर आता गंज चढतो आहे, पण स्क्रूला तो रोज तेल घालतो.

बाळांनो, मी माणसे तोलली, पण त्या दुपारी मिस्त्रीच्या चिमटीत माया किती होती आणि भीती किती, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला एवढेच विनवतो. कुणी कितीही जिवाभावाचे असो, पाय ठेवण्याआधी शून्य बघत जा. आणि कधी कुणाचा स्क्रू तुमच्या हातात आला, तर दया आली म्हणून फिरवू नका. जे वाटते ते त्याच्या तोंडावर बोला, भांडा, रडा, पण काटा खरा ठेवा.

मिस्त्री आता पन्नाशीला आला आहे. एकटाच राहतो. रोज सकाळी दुकान उघडले की तो आधी माझी रिकामी दांडी बघतो. मग वीस किलोची चकती उचलून माझ्यावर ठेवतो. ती बरोबर वीस किलो भरते. तरीही दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बघतो.