फायनल एग्झिटचं कार्ड

पत्र इंग्रजीत होतं आणि त्यात ‘कृपया’ चार वेळा आलं होतं. इतक्या नम्रपणे कुणी लिहायला लागलं की आपल्या हातातलं काहीतरी जाणार, हे हेमचंद्र शेट्येंना सौदीतल्या जुबैलमधल्या बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. ते एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कागद वाचायचा, नोंदवायचा, शिक्का मारून पुढे पाठवायचा, हाच धंदा. तरी हे पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा बायकोच्या, वीणाच्या हातात दिलं.

मजकूर असा की, पूर्व किनारा हॉकी लीगने खेळाडूंची कार्डं छापण्याचे सगळे हक्क दुबईच्या एका कंपनीला दिले आहेत. सबब श्री. शेट्ये यांनी लीगचं नाव, संघांची चिन्हं, जर्सी किंवा खेळाडूंचे फोटो असलेली कार्डं यापुढे कृपया बनवू नयेत, कृपया वाटू नयेत आणि आधी वाटलेली कृपया मैदानावर आणू नयेत.

“चौथं ‘कृपया’ कुठाय?” वीणाने चष्मा वर करत विचारलं.

“शेवटी. कृपया सहकार्य करावे.”

“अहो, मग करा सहकार्य. अकरा वर्षं दर शुक्रवार त्या मैदानावर घातलात. गुडघ्यालाही आराम.”

ती चेष्टेत म्हणाली होती, पण हेमचंद्रांना हसू आलं नाही. त्यांना हरीश आठवला होता.

अकरा वर्षांपूर्वी लीगबिग काही नव्हतं. एका गोदामामागे रोलर फिरवलेली मातीची जागा होती आणि शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर तिथे माणसं स्टिका घेऊन जमत. वेल्डर, फिटर, एखादा फार्मासिस्ट. कुणी जालंधरचा, कुणी सियालकोटचा, कुणी कूर्गचा. गुडघा गेल्यामुळे हेमचंद्र खेळत नव्हते, ते कडेला बसून फोटो काढत आणि गोल लिहून ठेवत. सियालकोटचा एक पोरगेलासा सेंटर फॉरवर्ड कायमचा परत निघाला, तेव्हा त्यांनी त्याचा फोटो जाड कागदावर छापून घेतला, मागे त्याचे सामने आणि गोल लिहिले, आणि उरलेल्या जागेत सगळ्यांनी सह्या केल्या. तेव्हापासून पद्धतच पडली. हंगामाला प्रत्येकाचं एक कार्ड निघायचंच, पण फायनल एग्झिटचं कार्ड वेगळं. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून, इथला संसार खोक्यांत भरून जो कायमचा निघतो त्याला शेवटच्या सामन्यानंतर ते मिळायचं. गुरुमुखी, उर्दू, मल्याळम, ज्याला जी येईल त्या लिपीत त्यावर सह्या असायच्या. अशी त्रेचाळीस कार्डं गेली होती. कंपनीच्या सर्टिफिकेटवर हुद्दा असतो. हा माणूस दर शुक्रवारी काय होता, हे त्या कार्डावरच लिहिलेलं असायचं.

हरीश पिल्लेचं मात्र एकही कार्ड नव्हतं. आडनाव पिल्ले असलं तरी माणूस खडकीचा, आणि त्याच्या मराठीपुढे हेमचंद्रांची कोकणी मराठी लाजावी. एकोणीस वर्षं स्कॅफोल्डिंगवर काम केलेला हा गोलकीपर हंगामाच्या कार्डालाही हात लावू देत नसे. “कार्ड निघालं की माणूस जातो,” तो म्हणायचा. “माझं एकच काढ शेट्ये, निघताना. तोवर नको.” आता त्याची फायनल एग्झिट लागली होती. येता शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी शेवटचा सामना, शनिवारी दम्मामहून विमान.

बुधवारी संध्याकाळी यज्ञेश आला. हा रियाधच्या एका बँकेतला तरुण, कार्डांचा मोठा संग्राहक. हेमचंद्रांच्या कार्डांसाठी तो चार-चार तास गाडी हाकत यायचा, काका-काका करायचा, वीणाच्या हातची सोलकढी प्यायचा. आज त्याने सोलकढी घेतली आणि पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. हेमचंद्रांचीच कार्डं होती, अकरा वर्षांची.

“काका, ही तुमच्याकडेच ठेवता का?”

“का रे?”

“कार्डवाल्यांच्या ग्रुपमध्ये नियम झालाय. अनलायसन्स्ड कार्ड अल्बममध्ये दिसलं तर त्या माणसाशी कुणी अदलाबदल करायची नाही. वाईट वाटून घेऊ नका. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीतही असंच चालतं. लीग एकालाच हक्क देते. बाकीच्यांना कार्डं काढायची तर जर्सीवरची चिन्हं पुसून काढावी लागतात.”

“गेल्या महिन्यापर्यंत हीच कार्डं काचेखाली ठेवायचास ना?”

“तेव्हा दुसरी नव्हती ना काका.” एवढं म्हणून त्याने नवं पाकीट दाखवलं. चकचकीत कागद, सोनेरी कडा, वर ‘पहिला अधिकृत संच’. पहिला म्हणे. हेमचंद्रांनी पंजाब्यांच्या संघाच्या कप्तानाचं कार्ड हातात घेतलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोत कप्तान चेंडू मारत होता आणि खालच्या कोपऱ्यात मातीवर एक लांब सावली पडली होती. डोक्यावर टोपी, एक खांदा उतरलेला, बाजूला घडीच्या स्टुलाचे पाय. ती सावली त्यांची स्वतःची होती. त्यांनी पाकिटातली बाकीची कार्डं पसरली. नऊ फोटो त्यांचे. मागचे आकडेही त्यांचेच, पावसाने रद्द झालेला सामना त्यांनी अर्धा धरला होता तोसुद्धा तसाच अर्धा.

गंमत बघा, ज्याच्या सावलीसकट माल उचलला, त्याच्याच मालाला आता नकली म्हणायचं. यज्ञेशला यात काही वावगं दिसत नव्हतं. त्याला अल्बमचं नवं पान भरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून हेमचंद्र तासाभराच्या अंतरावरच्या खोबर शहरात लीगच्या ऑफिसात गेले. तिथला व्यवस्थापक झयान, हैदराबादचा, वयाने तिशीचा, बोलायला अतिशय गोड. गहवा, म्हणजे अरबी कॉफी मागवली, खजूर पुढे केले. हेमचंद्रांनी कार्डावरच्या सावलीवर बोट ठेवलं.

“अंकल, आपने ही तो भेजा था,” झयान म्हणाला आणि त्याने एक फाइल उघडली.

आत एक फॉरवर्डिंग शीट होतं. तीन वर्षांपूर्वी लीगची कमिटी झाली तेव्हा हेमचंद्रांनी सगळे फोटो, सगळे आकडे एका डिस्कवर घालून स्वतः नेऊन दिले होते. कुणी मागितलं नव्हतं. पण ज्याचा कागद त्याच्याकडे एक प्रत पोहोचलीच पाहिजे, ही सवय हाडात मुरलेली. सोबत शीट जोडलं होतं, पोच घेतली होती. शीटवर तीन चौकोन होते: माहितीसाठी, मंजुरीसाठी, वापरासाठी. ऑफिसात काम पुरं झालेल्या ड्रॉइंगला तिसऱ्या चौकोनात खूण करतात, म्हणून इथेही हात आपोआप तिसऱ्यावर गेला होता. खाली सही, तारीख, पूर्ण नाव. बावीस वर्षांत ज्या माणसाने दुसऱ्यांच्या हजार चुका पकडल्या, त्याने स्वतःच्या हाताने आपलं घर असं उघडून दिलं होतं. हेमचंद्रांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“ठीक आहे,” ते हिंदीतच पण मोजून म्हणाले. “ते घ्या. सगळं घ्या. मला फक्त एक कार्ड काढू द्या, हरीश पिल्लेचं. त्याची फायनल एग्झिट आहे. तुमचं चिन्ह नाही घालणार, लीगचं नाव नाही घालणार.”

“चेहरा?”

“चेहरा त्याचा आहे.”

झयानने दुसरा कागद पुढे केला. हंगामाच्या सुरुवातीला मैदानावर जर्सी वाटताना प्रत्येकाकडून सही करून घेतलेला फॉर्म. खेळाडू आपलं नाव आणि चेहरा कार्डांसाठी लीगच्या हवाली करत आहे, मुदत कायमची. हरीशने जर्सीचा साइज लिहून खाली सही ठोकली होती. माणूस देश सोडून जाणार, इकामा जाणार, कंपनी जाणार, पण त्याचा चेहरा मात्र खोबरच्या फायलीत राहणार. कायदा असेल, नाही कोण म्हणतो. पण ज्यांनी एकही शुक्रवार त्या मातीत घालवला नाही त्यांनी हा कायदा सांगावा, याची हेमचंद्रांना मनस्वी चीड आली.

“मी एक करू शकतो,” झयान म्हणाला. “हरीशभाईंचं अधिकृत कार्ड कंपनीकडून काढून देतो. खास एकच. फक्त तुम्ही लिहून द्या, यापुढे एकही कार्ड बनवणार नाही.”

हेमचंद्रांनी विचार करायला एक खजूर खाल्ला. अकरा वर्षांचं काम एका बाजूला आणि हरीशचं एक कार्ड दुसऱ्या. त्यांनी सही केली.

कार्ड पुढच्या गुरुवारी दुपारी आलं, सामन्याच्या आदल्या दिवशी. वीणानेच पाकीट उघडलं. कागद उत्तम, सोनेरी कडा, खाली ‘हरीश पिल्ले, गोलकीपर’. फोटोत हेल्मेट घातलेला एक माणूस पाय पसरून उभा होता.

“हा हरीश नाही,” ती म्हणाली.

तिला सांगावं लागलं नव्हतं. हरीशचं डावं पॅड फाटून चार वर्षं झाली होती आणि त्याने ते स्कॅफोल्डिंगच्या निळ्या दोरीने शिवलं होतं, अख्ख्या जुबैलला ठाऊक होतं. या माणसाची पॅडं कोरी करकरीत होती. हेमचंद्रांनी फोन लावला. झयान खजील झाला, नाही असं नाही. कंपनीच्या फोटोग्राफरने चारच संघांचे फोटो काढले होते, त्यात हरीशचा संघ नव्हता. हेमचंद्रांच्या डिस्कवरही हरीशच्या एकट्याचा फोटो नव्हता, कारण हरीश काढूच देत नसे. म्हणून दुसऱ्या एका कीपरचा वापरला. “हेल्मेट में कौन पहचानता है, अंकल?”

हेमचंद्रांनी फोन ठेवला.

“मूर्खपणा केला मी,” ते म्हणाले. “या माणसासाठी हात कापून दिले आणि बदल्यात हे मिळालं. तो घरी जाऊन भिंतीवर दुसऱ्याचाच फोटो लावणार.”

“लावेलही,” वीणा म्हणाली. “हरीशभाऊ भिडस्त आहेत. तुमचं मन राखायला म्हणतील, छान आलंय. त्या आधी काय ते करा.”

फोटो स्टुडिओवाला आता कार्ड छापायला तयार नव्हता, त्यालाही चार ‘कृपया’ पोहोचले होते. तेव्हा वीणानेच कपाटातून पासपोर्ट फोटोंचा डबा काढला. इथे प्रत्येक घरात असा डबा असतो. इकामा, लायसन, मेडिकल, कुणाला कधी पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागेल सांगता येत नाही, आणि एकटे राहणारे लोक आपले दोन-चार फोटो ओळखीच्या घरी ठेवून जातात. हरीशचे दोन निघाले. चौकड्यांचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं, कॅमेऱ्याकडे गुन्हेगारासारखी नजर. जर्सी नाही, चिन्ह नाही. हेमचंद्रांनी एक पुठ्ठा कापला, फोटो चिकटवला, आणि मागे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सामने तीनशे बारा. अडवलेले पेनल्टी स्ट्रोक एकेचाळीस. एका शुक्रवारी बोट मोडलं, सामना पुरा केला.

शुक्रवारी हरीशचा संघ हरला. हरीशने दोन गोल खाल्ले आणि त्याबद्दल स्वतःला मनापासून शिव्या घातल्या. मग सगळे कोंडाळं करून बसले आणि हेमचंद्रांनी पुठ्ठ्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं. हरीशने ते उजेडाकडे धरलं.

“चोरासारखा दिसतोय रे मी,” तो म्हणाला.

सह्या सुरू झाल्या. सातवी सही होत असताना झयान आला. त्याने कार्ड पाहिलं, उलटून वाचलं. मुलगा वाईट नव्हता, पण त्याचीही नोकरी होती.

“हरीशभाई, ये मुझे लेना पड़ेगा.”

हरीशने त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं. बॅगेतून पासपोर्ट काढला, कार्ड आत ठेवलं आणि पासपोर्ट मिटून त्याच्यासमोर धरला.

“एकोणीस वर्षं हा कंपनीच्या कपाटात होता,” तो हिंदीत म्हणाला. “काल संध्याकाळी माझ्या हातात आला. आता यातलं काही पाहिजे असेल, तर ये. घे.”

झयानने हात पुढे केला नाही. त्याने हेमचंद्रांना जरा बाजूला घेतलं.

“अंकल, कार्डावर तुमचं नाव नाहीये,” तो हळूच म्हणाला. “मी रिपोर्टमध्ये लिहितो, कुणी बनवलं माहीत नाही. तुम्ही लिहून दिलेलं मोडलं असं होणार नाही, तुमचं मैदानावर येणंही बंद होणार नाही. तुम्ही फक्त गप्प राहा.”

अकरा वर्षांत हेमचंद्रांनी एकाही कार्डावर सही केली नव्हती. सह्या खेळाडूंनी करायच्या, आपण खेळाडू नाही, असं त्यांचं सरळ होतं. ते हरीशकडे गेले, पासपोर्ट मागून घेतला, कार्ड काढलं आणि गुडघ्यावर ठेवून सावकाश लिहिलं: बनवणारा, हेमचंद्र गोविंद शेट्ये, जुबैल. खाली त्या दिवसाची तारीख घातली. मग ते झयानला दिसेल असं धरलं.

“आता लिहा, कुणी बनवलं ते.”