शेवटच्या झाडाची खुंटी

अनुष्कानं टेबलावर कागद ठेवला आणि माझ्याच पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"काका, इथे सही. बस्स, एवढंच काम."

कागदावर चारच ओळी होत्या. सप्टेंबर १९८३मध्ये गढवालमधल्या त्या डोंगरावर, सर्वांत उंचावरच्या भूर्जवृक्षाच्या बुंध्याशी सतरा क्रमांकाची लोखंडी खुंटी मी स्वतः ठोकली, असं मी लिहून देतो. खाली माझं नाव.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी केवळ अक्षर चांगलं म्हणून मला तीन महिन्यांसाठी सोबत नेलं होतं. हिमालयात जंगल एका उंचीवर संपतं आणि तिथून वर गवताची कुरणं लागतात. त्यांना तिकडे बुग्याळ म्हणतात. जंगल नेमकं कुठे संपतं याची नोंद सरांना हवी होती. पुढे मी मुंबईत एका कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो, तिथूनच निवृत्त झालो आणि त्यानंतर साधी टेकडीही चढलो नाही. पण ते तीन महिने मी लोकांना बरेचदा सांगितले. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

अनुष्का खाडीजवळच्या जेसल पार्क वसाहतीतल्या आमच्याच इमारतीतली, खालच्या मजल्यावरच्या नीलिमाची मुलगी. लहानपणी पुस्तकं न्यायला यायची आणि पुस्तकाबरोबर ही गोष्टही न्यायची. आता ती त्याच डोंगरावर संशोधन करते. नीलिमा जिन्यात भेटली की ऐकवते, "काका, तुमच्या गोष्टीपायी पोरगी डोंगरात गेली. बँकेची परीक्षा राहिली ती राहिलीच!"

यंदा अनुष्काला खुंटी सापडली होती. गंजलेली, पण आकडा वाचता येत होता.

"साठ मीटर, काका!" ती म्हणाली. "तुमच्या खुंटीपासून उभ्या उंचीत साठ मीटर वर झाडं गेलीयत. चाळीस वर्षांत! बर्फ कमी पडतोय, लवकर वितळतोय. जंगल वर चढतंय आणि गवताला वर सरकायला जागाच नाही. वर नुसता दगड आहे."

"सगळी नवीनच झाडं आहेत का?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"दोन जाड होती. खोडातून पेन्सिलीएवढा नमुना काढून वलयं मोजली, तर नव्वद वर्षं निघाली. म्हटलं, मोजण्यात माझीच चूक झाली असणार. सोडून दिली ती. तुमची खुंटी होती ना खाली, मग तिच्या वर चाळीस वर्षांहून जुनं झाड असणारच कसं?"

मी पेन खाली ठेवलं.

"जरा खाडीवर जाऊन येतो. आल्यावर करतो सही."

"सहीला काय पाय मोकळे करावे लागतात?" आतून माझी बायको सुगंधा म्हणाली. "अहो, पोरगी खोळंबलीय. चहा टाकलाय मी."

मी चप्पल घातली होती.

खाडीच्या बाकावर बाळा बसला होता. खारी गावचा, माझ्याच वयाचा. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती. मी पुस्तकवाला म्हणून तो मला मास्तर म्हणतो. मी शेजारी टेकताच त्यानं काठीनं समोर दाखवलं. तिवरांच्या झाडोऱ्यात एक काळा लाकडी खांब तिरका उभा होता.

"त्यो खांब आमच्या बापानं ठोकलेला हाय, मास्तर. तवा तिवरं त्याच्या पल्याड होती. आता बघा, कवरी आत आली. अर्धं आगर खाल्लं."

"खांब तिथेच होता कशावरून?"

"म्हंजे?" बाळा माझ्याकडे पाहतच राहिला. "बाप काय येडा होता? भलतीकडं खांब ठोकला तर आपलाच बांध चुकतो. तुमी आज काय खाल्लं न्हाय का सकाळपासनं?"

मी हसलो आणि उठलो. परत जाताना जिने चढून दम लागला. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून मी उभा राहिलो आणि तो दिवस पुन्हा समोर आला.

अनुष्का तिथेच बसली होती. सुगंधा तिच्यासमोर चहाचा कप ठेवत होती.

"ती खुंटी शेवटच्या झाडाशी नाही," मी म्हणालो.

दोघींनीही माझ्याकडे पाहिलं.

"सरांचा पाय मुरगळला होता. ते तंबूत होते. मला एकट्याला पाठवलं. धुकं होतं. डोकं ठणकत होतं, दोनदा ओकलो. एका झाडाखाली बसलो तो उठवेना. तिथेच ठोकली. वर आणखी झाडं होती. मला दिसत होती."

"आणि नोंद?"

"शेवटचं झाड म्हणूनच केली. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, काय सुरेख अक्षर आहे."

"मला तर सांगितलं होतंत," सुगंधा हळूच म्हणाली, "त्या झाडाला मिठी मारली म्हणून."

"मारली होती. पडू नये म्हणून."

सुगंधाला हसू आलं असतं एरवी. तिनं कप अनुष्काकडे सरकवला.

"म्हणजे ती दोन झाडं नव्वद वर्षांचीच होती," अनुष्का म्हणाली. "मी बरोबर मोजलं होतं."

"हो."

"मी तीनदा मोजलं होतं, काका. तीनदा. आणि तिन्ही वेळा तुमचं खरं धरलं."

मी चप्पल काढून दाराशी ठेवली.

"सोमवारी पेपर पाठवायचाय. आजपर्यंत का नाही सांगितलंत?"

"तुला खुंटी सापडेल असं वाटलं नव्हतं."

हे मी बोलायला नको होतं. पण खरं तेच होतं.

ती उठून खिडकीशी गेली. "गवत खरंच कमी होतंय. झुडपं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीयत, जिथे आधी मेंढ्या बसायच्या तिथे. तिथले लोक सांगतात. जंगल वर जातंय, ते खोटं नाहीये. पण साठ नाही. आता कुणीही म्हणेल, यांचा पहिलाच आकडा खोटा होता. पुढचं कोण वाचणार?"

मग तिनं पिशवीतून सरांच्या जुन्या वहीची झेरॉक्स काढली. सतरावी ओळ. माझं ते सुरेख अक्षर. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो कोरा होता.

"इथे लिहा. आजची तारीख घाला. जेवढं आठवतंय तेवढंच लिहा."

मी लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही. 'धुके. दम लागल्याने येथेच थांबलो. वर झाडे दिसत होती. सात किंवा नऊ.'

तिनं वाचलं. "सात की नऊ?"

"सात. नाही, थांब." मी पेन पुन्हा घेतलं आणि पुढे लिहिलं, 'खात्री नाही.' त्याखाली सही केली. चार ओळींचा पहिला कागद तिनं उचलून फाडला आणि तुकडे पिशवीत टाकले.

"येते, काकू," ती म्हणाली. मला काही म्हणाली नाही. चहा तसाच राहिला.

दार लोटलेलंच होतं. जिन्यात थांबून ती तिच्या मार्गदर्शकांशी फोनवर बोलत होती. "साठ नाही, सर. नाही, किती ते नाही सांगता येणार. परत वर जावं लागेल, त्या दोन झाडांपासून धरून. माहितीय मला सोमवारी आहे ते."

सुगंधानं कप उचलून आत नेला. मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि धुक्यातली झाडं पुन्हा मोजली. एकेक करून, घाई न करता.

या वेळी आठ झाली.