जोडतार

बोटीतल्या दुसऱ्या बॅटरीच्या टोकावर हिरवट पांढरी पूड साठली होती, मसुरीच्या दाण्याएवढी. ताईने ती जुन्या ब्रशने झाडली आणि मीटरच्या पिना टेकवल्या. अकरा पूर्णांक सहा व्होल्ट. इंजिनच्या बॅटरीवर टेकवल्या, तर तिथेही तेवढेच. म्हणजे दोन्ही जवळपास रिकाम्या. दोन वेगळ्या बॅटऱ्यांचं इतकं एकमत तिला बरं वाटेना. तिने फळी उचलली. खाली दोन्हींना जोडणारी जाड लाल तार होती.

दोनदा तिने ती काढली होती. ही तिसरी वेळ.

बोटीवरची व्यवस्था तिचीच होती. इंजिन चालू झालं की आधी त्याची स्वतःची बॅटरी भरायची, मग दुसरी. इंजिन बंद झालं की दोघी अलग. दिवे, पंप आणि भावाचा स्पीकर यांनी दुसरीला पार पिळून काढलं, तरी इंजिनच्या बॅटरीला धक्का लागायचा नाही. पण नदीपलीकडचा धक्का जवळ, फेऱ्या छोट्या. दुसरी भरता भरायची नाही. तिच्या भावाने त्यावर हा तारेचा तोडगा काढला होता, म्हणजे स्पीकरला इंजिनची बॅटरीही मिळायची.

आज नदीच्या मध्यावर पाण्याखालच्या पंख्यात दोरी अडकली म्हणून ताईने इंजिन थांबवलं. दोरी निघाली, इंजिन काही सुरू होईना. प्रवाहाने बोट पुलाच्या खांबावर नेऊन आपटली. कठड्यावर हात ठेवलेल्या एका शिक्षिकेची करंगळी खांबाच्या दगडावर चेचली. शेवटी दुसऱ्या नावाड्याने त्यांना ओढत आणलं.

"परत जोडलीस?" ताईने भावाला विचारलं.

"अगं, दुपारी गाणी बंद पडतात." भाऊ धक्क्यावर पाय सोडून बसला होता. आई त्याला राजा म्हणायची. चाळिशी आली तरी तो राजाच होता. "लोकांना गाणी लागतात."

"लोकांना पलीकडे जायचं असतं."

"झालं, बाईंचा तास सुरू!"

"त्या शिक्षिकेची करंगळी गेली, राजा."

"मी म्हटलं होतं का तिला, हात बाहेर ठेव? आणि तू सकाळी मीटर का नाही लावलास? एरवी तर डॉक्टरीणबाईंसारखा गळ्यात घालून मिरवतेस."

चोर तो चोर, वर शिरजोर. पाना घेऊन ताई तारेचे नट सोडवू लागली. त्याला सांभाळून घे, असं आई शेवटच्या आजारपणात म्हणाली होती. त्या एका वाक्यापायी गेली कित्येक वर्षं एक निर्णय ताईच्या घशाशी येई आणि ती तो गिळून टाकी. त्याने पंप जाळला तेव्हा गिळला. भर उन्हात गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून तो झोपला होता, तेव्हाही. बोट तिच्या नावावर होती, परवानाही तिचा. तरी विचारून वागेल तो राजा कसला?

तार सुटली. तिने ती गुंडाळली.

"काढ, काढ," तो हसून म्हणाला. "तुझी पाठ वळली की लावतो परत. आणि आज झालं ते घरी बायकोला सांगू नकोस हं. उगाच डोकं खाईल."

ताईने पाना पुसून पेटीत ठेवला. आवाज चढला नाही. हे सांगताना तो चढेल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"राजा, उद्यापासून तू या बोटीवर येऊ नकोस."