मेणातला तुकडा

“मी नाही येत, अहो. बसमध्ये कळा सुरू झाल्या तर उतरू कुठे?”

बायको संडासाच्या बंद दाराआडून बोलत होती. दुसऱ्या दिवशी लेकीच्या पदवीदानाला परगावी जायचं होतं.

“तुझ्या पोटात काही नाही. सगळं डोक्यात आहे,” तो बाहेरून ओरडला. “तुझा तुकडा मी स्वतः कापलाय, स्वतः बघितलाय!”

हा त्याचा हुकमी एक्का. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तो पेशंटच्या शरीरातून काढलेले इवलेसे तुकडे मेणात बसवायचा, पातळ कापायचा आणि काचेवर चढवून रंगवायचा. सगळे त्याला काचवालेच म्हणत. काही वर्षांपूर्वी दुर्बीण घालून बायकोच्या आतड्याचा कण काढला, तोही त्याच्याच टेबलावर आला. रिपोर्ट स्वच्छ. झालं! पाहुणे जमले की गडी खुलायचा. “आमच्याकडे कुठे जायचं ठरलं की आधी हिच्या पोटाची परवानगी लागते!” सगळ्यात मोठ्यानं हसायची ती त्याची थोरली बहीण. बायको पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून जायची.

त्याच दिवशी कामावर डॉक्टरीणबाईंच्या संशोधनाच्या काचा रंगवायच्या होत्या. पोटाचा असाच त्रास आणि रिपोर्ट असेच स्वच्छ, अशा लोकांचे तुकडे. रंग मात्र वेगळा होता. शरीराच्या राखणीला असलेल्या मास्ट नावाच्या पेशी त्यानं तपकिरी दिसतात. काचवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला. कुणालाही न विचारता त्यानं कपाटातून बायकोचा जुना मेणाचा ठोकळा काढला आणि त्याच खेपेत तिचीही काच रंगवली. फोटो काढून संध्याकाळी तिच्या नाकासमोर धरायचा, की बघ, इथंही काही नाही.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिकडेतिकडे तपकिरी ठिपके. रंग बिघडला म्हणावं, तर तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी माणसाच्या काचेवर ते तुरळकच होते.

“ही कुणाची? यादीत नाही,” मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बायकोची.”

“तिला विचारलंत?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“असं परस्पर करायचं नसतं, काचवाले!” त्या चांगल्याच तापल्या. मग त्यांनीही डोळा लावला आणि त्यांचा आवाज उतरला. “बऱ्याच आहेत हो. ही बारीक नस दिसते? तिला अगदी खेटून बसल्यात. या पेशी जे रस सोडतात त्यानं नस चेकाळते आणि साधं अन्न पुढे सरकलं तरी कळ उठते, असा आमचा अंदाज आहे. सगळ्यांमध्ये हे सापडत नाही. एका काचेवरून निदानही करता येत नाही.”

“पण मी तेव्हा नीट बघितलं होतं.”

“नेहमीच्या रंगात त्या उठून दिसतात का? हे मी तुम्हाला सांगायचं?”

सांगायची गरजच नव्हती. हे त्याला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवलं होतं. जे रंगवलंच नाही ते दिसणार कुठून? तरी त्यानं बायकोला चारचौघांत खोटं पाडलं होतं. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. दुपारी डबा उघडायलाही त्याचा हात धजेना.

घरी आल्या आल्या त्यानं सगळं सांगून टाकलं, ठोकळा चोरून काढल्याचंही. फोटो पुढे केला. बायको भांडी पुसत होती, तिनं बघितलाच नाही.

“म्हणजे तुम्हाला दिसलं म्हणून आता मला दुखतं होय?”

“चुकलो गं. उद्या गाडी करून जाऊ. तू म्हणशील तिथे थांबवू.”

“ते उद्या बघू. हा फोटो मला कशाला? मला ठाऊकच आहे. ताईंना सांगा.”

त्यानं तिच्यासमोरच बहिणीला फोन लावला.

“काय रे, निघताय ना?” ताईचा आवाज घरभर घुमला. “की राणीसरकारांच्या पोटानं नाही म्हटलं?”

एरवी तो खो खो हसला असता.

“ताई, तिचं खरंच दुखतं. मी तुम्हाला सगळ्यांना चुकीचं सांगत आलो.”

ताई कडाडली. “अरे, तूच म्हणायचास ना ढोंग आहे म्हणून? तुझ्या शब्दावर मी तिला काय काय बोलले! तिच्या आईसमोर बोलले! आता कुठल्या तोंडानं तिच्याशी बोलू? बोल ना, गप्प का?”

त्याचे ओठ नुसतेच हलले. बायको एकटक त्याच्याकडे बघत होती. मग तिनं पदराला हात पुसले आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“ताई, त्यांना जरा बरं वाटत नाहीये,” ती म्हणाली. “मागाहून बोलतील.”