ओल्या वाळूचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी, पत्र्याची आणि भयंकर मत्सरी बादली आहे. जुनेपण तुम्हाला दिसेलच, म्हणून मत्सराचं आधी सांगून टाकलं.

यॉर्कशायरमधल्या आमच्या छोट्या रग्बी लीग क्लबात मी वाळू वाहायचे. ट्राय झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, की त्यानंतरच्या किकसाठी चेंडू जमिनीवर उभा करावा लागतो. तेव्हा त्यासाठी वाळूचा छोटा ढीग करत. कपडे धुणारी मॉरीन मला घेऊन मैदानात धावायची आणि आमचा किकर क्लिफ हेग माझ्यात हात घालायचा. वाळू रचायची, तीन थापट्या मारायच्या, माझ्या काठावर बोटाचं पेर घासायचं आणि पाच पावलं मागे जायचं, असा त्याचा नेम होता. चेंडू खांबांमधून गेला की सगळं गाव ओरडायचं. निम्मा ओरडा माझ्यासाठी असतो, असं मी खुशाल धरून चालायचे!

मग कपची अंतिम लढत आली. शेवटची किक अगदी समोरून होती, डोळे मिटून मारावी अशी. क्लिफने ती बाहेर मारली. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं एकच वाक्य छापून आलं, "वाळू ओली होती."

मॉरीन त्याच्यावर बरसली. "ओली? अरे गाढवा, पुडिंगच्या ट्रेमध्ये घालून ओव्हनमध्ये वाळवली होती मी ती!"

तिचं कोण ऐकतो? पुढच्या हंगामात चेंडू उभा करायला केशरी प्लॅस्टिकची टी आली आणि मी शेडमध्ये कोपऱ्यातल्या झेंड्यांखाली गेले.

क्लिफ आणखी सहा वर्षं खेळला. मग त्याच्या गुडघ्यांनी संप केला आणि तो कोच झाला. आता तो सोळा वर्षांखालच्या मुलींना शिकवतो. मला त्याने शेडमधून बाहेर काढलं तेव्हा मी हरखूनच गेले होते. पण काम काय, तर मुली अंगावर चढवतात ती बिनबाह्यांची घामेजलेली बिबं गोळा करायची! आणि समोर ती केशरी सटवी मिरवत होती. त्यांची किकर, जोडी नावाची पोरगी, तिला मोज्यात खोचून फिरायची, किकआधी तिचा मुका घ्यायची. एकदा तर शिकवताना क्लिफने तिच्या काठावर पेर घासलं. माझं पेर! माझा पत्रा उन्हाशिवाय तापला.

लीगच्या शेवटच्या रविवारी क्लिफने घाईघाईत बिबं उचलून माझ्यात कोंबली. त्यात बिबांवर पडलेली ती टीसुद्धा आली. मी ओरडू शकत नव्हते हे खरं. पण ओरडता आलं असतं तरी ओरडले नसते, हे त्याहून खरं.

शेवटच्या मिनिटाला आमच्या मुलींनी ट्राय केला. आता आम्ही एकाच गुणाने मागे होतो. किक गेली तर दोन गुण, म्हणजे सामना आमचा आणि लीगचा चषकही आमचा.

"कोच, टी कुठंय?" जोडी ओरडली.

"तुझ्या मोज्यात बघ ना!"

"मोज्यात माझा पाय आहे फक्त!"

पंच घड्याळ दाखवू लागले. "आटप, पोरी."

"टाचेनं खड्डा कर आणि मार!" क्लिफ ओरडला.

तिने खड्डा केला. चेंडू डगमगला. किक खांबाला घासून बाहेर गेली.

मी जिंकले होते, मित्रांनो. पण जोडी चिखलात बसून रडायला लागली आणि माझ्या पोटातली ती टी मला दगडासारखी जड झाली.

क्लिफचे गुडघे दुखत होते. तिच्याशेजारी बसता यावं म्हणून त्याने मला उलटं केलं. बिबं पडली आणि त्यांच्यावर टी पडली. दोघंही बघतच राहिले.

"ही इथे होती?" जोडीने डोळे पुसले. "कुणी टाकली?"

माझा जीव कडीपर्यंत आला. हा माणूस पुन्हा माझंच नाव घेणार!

क्लिफ माझ्यावर टेकला. "मी टाकली. बिबांबरोबर उचलली गेली. तुझी काही चूक नाही, पोरी." मग तो म्हणाला, "आणि माझ्या फायनलला वाळू ओली होती असं मी पेपरात सांगितलं, पण ती कोरडी होती. मी चेंडू सोडून खांबांकडे बघितलं होतं."

"म्हणजे तुम्ही बादलीवर ढकललंत?"

"बादलीवर आणि मॉरीनवर."

"त्यांना सांगितलंत कधी?"

"...अजून नाही."

"कोच! मॉरीनबाई त्या खिडकीत चहा देतायत. उठा!"

तो मला कडीला धरून लंगडत गेला. मॉरीनने सगळं ऐकून घेतलं, त्याच्या चहात साखर घातली आणि म्हणाली, "मैदानापासून तीस पावलांवर चहा देते मी दर रविवारी. इथवर यायला तुला एकतीस वर्षं लागली?" मग तिने हात बाहेर काढून माझा काठ पुसला. "ओव्हन अजून तोच आहे, क्लिफ. पोरीला हवी असेल तर आणते वाळवून."

जोडीला हवी होती. तेव्हापासून दर मंगळवारी सरावाला माझ्यात कोरडी वाळू असते. सामन्याला मात्र टीच लागते. ती हरवू नये म्हणून जोडीने तिची जागा ठरवून टाकली आहे, माझ्या पोटात, वाळूच्या वर.

मित्रांनो, हरलात तर खुशाल रडा, पण आपली चूक मुक्या वस्तूच्या गळ्यात बांधू नका. ती गंजेपर्यंत तेच धरून बसते. मी त्या केशरी बाईला नीट सांभाळते, ओरखडाही उठू देत नाही. जळते अजून, नाही असं नाही. पण किकच्या वेळी जोडी धावत येते, ती माझ्याकडेच.