चौथा डबा

छबूबाईनं नवऱ्याला धाडलं होतं इंजिन आणायला. त्यानं आणली बोट.

आता ह्याला काय म्हणावं? दिवसा लाईटचा पत्ता नाही, म्हणून नदीवरच्या पंपाला एक इंजिन बघा, एवढंच तिचं म्हणणं होतं. नवरा, गोरक्ष, इंजिन बघायला आणि तांदूळ आणायला राजूरच्या बाजाराला गेला, तिथं त्याला कळलं की वरच्या अंगाला धरणावरचं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलंय आणि त्याच्या सामानात दणकट इंजिन आहे. गडी गेला, झाकण उघडून इंजिन बघितलं, त्यावर हात फिरवला आणि सौदा ठोकून मोकळा झाला. त्या इंजिनाभोवती एक अख्खी बोट आहे, हा विचार त्याला ती ट्रॉलीवर चढवताना सुचला. आणि ते इंजिन पेट्रोल पितं, हे गावात, पुणतांब्यात, उतरवताना कळलं.

"अवो, हिचं करायचं काय?" छबूबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

"इंजिन काढू की. सावकाश काढू."

ते 'सावकाश' आमोस सरांमुळं लांबलं. आमोस सर मिशनच्या शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेले. तरुणपणी मस्कतला एका क्लबात अशाच बोटी चालवायचे. बोट दिसली मात्र, म्हातारा लहान पोरासारखा तिच्याभोवती फिरायला लागला. "गोरक्षराव, ही साधी बोट नाही. ही मागं माणूस ओढायची बोट आहे! इंजिन काढायच्या आधी एकदा तरी पाण्यात घाला हो."

एकदा घातली. गोरक्षनं पायात बोटीतच सापडलेली एक लांब स्की, म्हणजे पाण्यावर घसरायची फळी, अडकवली, दोरीची मूठ धरली, आणि सरांनी बोट सोडली. नाकातोंडात पाणी जाऊन जाऊन एकदाचा तो उभा राहिला. बंधाऱ्यानं तुंबलेल्या गोदावरीवर, पिकाला बारे देताना चिखलात पाय रोवून उभा राहणारा आपला नवरा पाण्यावरनं सरसर चाललाय, हे छबूबाईनं काठावरनं बघितलं. त्याला खो खो हसतानाही बघितलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला तिनं मिशीतल्या मिशीत हसतानाच पाहिलं होतं. तिला काही सुधरेना. आनंद व्हावा की देवरुष्याकडं न्यावं?

मग सुरू झालं ते डब्यांचं. सरांनी फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन केशरी रंगवले आणि दगड बांधून नदीत सोडले. सहा कॅन, एक पल्याडच्या बाजूला, एक अल्याडच्या. बोटीनं मधून नाकासमोर सरळ जायचं, आणि मागच्या माणसानं दोरीला लोंबकळत, अंग पार आडवं करत, प्रत्येक डब्याला बाहेरून वळसा घालायचा. ह्याला सर स्लॅलम म्हणायचे. गाव म्हणायचं, गोरक्षचे डबे. शेजारच्या काकासाहेबानं तर सरकारनं सोय केली असं समजून पहिल्याच दिवशी एका डब्याला आपल्या पंपाच्या पाण्यातल्या पाइपाचा फुटवॉल्व बांधून टाकला होता. तो सोडवताना निम्म्या गावानं शहाणपण शिकवलं.

"पण त्या डब्याला वळसा घालून मिळतं काय?" छबूबाईनं एकदा जेवताना विचारलं.

गोरक्ष घास हातात धरून विचार करत बसला. "काय मिळतं ते मला बी कळंना बघ," तो म्हणाला. "पर लई ग्वाड वाटतं." आणि त्यानं आणखी एक भाकरी मागितली. हा माणूस मागून भाकरी खातोय! छबूबाई गोंधळून तव्याकडं बघत राहिली.

पण कांदा पाण्याला आला होता. तिनं एके दिवशी तोडून सांगितलं, आता पुरे, इंजिन काढा. तेव्हा गोरक्षनं तिच्या गळ्याची आण घेतली. "पावसाळ्याआधी बंधाऱ्याच्या फळ्या काढतील, पानी उतरंल. तवर साही डबे एका दमात झाले तर बोट ऱ्हाईल. न्हाई झाले, तर इंजिन काढून तुझ्या पंपाला."

तिनं कबूल केलं. ती जिंकणारच होती, कारण गोरक्षचं घोडं चौथ्या डब्यापाशी पेंड खायचं. पहिला व्हायचा, दुसरा, तिसरा व्हायचा, आणि चौथ्याला धप्पदिशी पाण्यात. रोज. ठरल्यासारखं. गुडघा गेलाय, असं कुणी म्हणालं. तिथं खाली डोह आहे, तो ओढतो, असं काकासाहेब म्हणाला. ह्या उंटावरच्या शहाण्याला पोहायलाही येत नव्हतं.

"नजर हलतेय," आमोस सर म्हणायचे. "ह्या खेळात नजर जिकडं, माणूस तिकडं. चौथा धरताना पाचव्याकडं बघायचं, तर हे काठाकडं बघतात."

छबूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौथ्या डब्यासमोरच त्यांचं रान, पंप आणि पाइप! पाइपाला पाणी पडतंय का, हे बघायची ह्या माणसाला जन्माची खोड. वरातीत घोड्यावर बसला होता तेव्हासुद्धा ह्यानं मान वळवून पाइपाकडं बघितलेलं तिला माहेरच्यांनी सांगितलं होतं.

फळ्या काढायचा आदला दिवस उजाडला. सकाळी छबूबाई नेहमीसारखी धुणं घेऊन नदीवर पंपापाशी गेली, आणि कुणाला काही न सांगता तिनं पाइपाच्या तोंडावर आपलं ओलं लुगडं पसरलं. पसरताना तिलाच कळेना की आपण हे का करतोय. बोट जावी असं वाटतंय ना बाई तुला? मग? पण पडल्यावर मान खाली घालून तो काठाला येतो, ते तिच्यानं बघवत नव्हतं. कांद्यालाही पाणी पाहिजे, आणि त्याचं ते हसूही पाहिजे. दोन्ही कसं मिळणार?

बोट निघाली. पहिला झाला, दुसरा, तिसरा झाला. चौथा आला तशी छबूबाईनं नेहमीसारखी मान फिरवली आणि पदर तोंडावर धरला. धप्प!

"मेलं ते लुगडं!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

सरांनी बोट काठाला लावली. बोटीत सरांच्या बायको मरियाबाई मागं तोंड करून बसायच्या, माणूस पडला की सरांना सांगायला. त्या उतरल्या आणि लुगड्याकडं बघून हसल्या.

"छबूताई, हे कशाला झाकलंत?"

"पाइपाकडं बघत्यात म्हनून पडत्यात ना ते!"

"पाइपाकडं? अहो, मी तोंडासमोर बसते त्यांच्या. ते तुमच्याकडं बघतात. रोज. तुम्ही तोंड फिरवलंत की चेहरा उतरतो बिचाऱ्याचा, आणि तिथंच पडतात."

"अवो, पर मी तर ते पडतील ह्या भ्यानं तोंड फिरीवते!"

छबूबाईला एकदम भरून आलं. म्हणजे ती भ्यायची म्हणून तो पडायचा, आणि तो पडायचा म्हणून ती भ्यायची. आणि ती बिचाऱ्या पाइपाला लुगडं नेसवत बसली होती.

"येकदाच फिरवा सर," पाण्यातनं गोरक्ष म्हणाला. आवाजात जीव नव्हता. "मंग पाना घिऊन या, इंजिन खोलू."

मरियाबाईंना घेऊन सरांनी बोट माघारी नेली. छबूबाई त्या लुगड्यापाशी उभी राहिली. इथंच उभी राहिली तर तो इथंच बघणार आणि इथंच पडणार. बोट जाईल, पंपाला इंजिन मिळेल, कांदा भिजेल. तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं.

इंजिनाचा आवाज चढला. छबूबाईनं पदर खोचला आणि ती पळत सुटली. धुणं तिथंच, चपला तिथंच. बाभळीच्या काट्यांतनं, काकासाहेबाच्या पाइपावरनं उडी मारून, पाचव्याच्या पुढं, सहाव्याच्याही पुढं ती धापा टाकत जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "अवो, हितं! हितं बघा!"

तिसऱ्याहून वळलेला गोरक्ष पंपाकडं बघणार होता. तिथं ती नव्हती. त्याची नजर भिरभिरली, आणि लांब पुढं हात हलवणारी बायको त्याला दिसली. चौथा डबा केव्हा मागं पडला, त्याला कळलंही नसेल. छबूबाईची मान आपोआप वळायला बघत होती. तिनं डोळे ताणून धरले. पाचवा. अंग एवढं आडवं झालं की कोपर पाण्याला लागलं. सहावा! मरियाबाई बोटीत उभ्या राहून टाळ्या पिटायला लागल्या.

पण गोरक्षची नजर काही हलली नाही. नजर जिकडं, माणूस तिकडं. मूठ सुटली आणि गडी सरळ छबूबाईच्या रोखानं घसरत आला आणि काठाच्या चिखलात तिच्या पायाशी उताणा पडला. दोघंही नखशिखान्त बरबटले.

"गेलं इंजिन," छबूबाई तोंडावरचा चिखल पुसत म्हणाली. आपण हसतोय का रडतोय, तिला समजेना.

गोरक्ष तसाच उताणा, धापा टाकत तिच्याकडं बघत होता.

"सहा झाले व्हय गं?" त्यानं विचारलं. "म्या डबे बघितलेच न्हाईत."