खऱ्या पासपोर्टचा गुन्हा

मी एक पासपोर्ट बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी खरा आहे. शिक्का खरा, आतला चकाकणारा धागा खरा, उजेडात धरल्यावर पानावर उमटणारं नारळाचं झाडसुद्धा खरं. बनावट असतो तर फार बरं झालं असतं. पहिल्याच दिवशी कुणीतरी मला ओळखून टरकन फाडलं असतं आणि गोष्ट तिथेच मिटली असती. मी खरा निघालो म्हणून तर इतक्या लोकांची वाट लागली.

माझा जन्म एका चिमुकल्या बेटाच्या नावाने झाला. ते बेट मी पाहिलेलं नाही. छापून झालो, पाकिटात बसलो आणि थेट लेबनॉनमधल्या झाहले गावात नबीहच्या घरी उतरलो. नबीह तेव्हा डॉलर बदलून द्यायचा धंदा करत होता. गंमत बघा, मला मिळवलं ते त्याने अगदी सरळ मार्गाने. बेटाच्या सरकारने नेमलेल्या एजंटाकडून अर्ज, पोलिसांचा दाखला, पैसा कुठून आला त्याचे कागद, मग कित्येक महिने वाट बघणं. मी आलो त्या दिवशी त्याच्या बायकोने मला येशूच्या आईच्या, मरियमच्या तसबिरीखाली ठेवलं आणि मेणबत्ती लावली. मी फुगलो होतो हो! वाटलं, या घराचं आता भलं होणार.

पुढे बँकांत लोकांचे पैसे अडकले, जो तो देश सोडायची भाषा करू लागला, आणि नबीहच्या डोक्यात किडा शिरला. तसबिरीखालून मी दिवाणखान्यातल्या टेबलावर आलो. कॉफीच्या कपांशेजारी, बदामांच्या बशीशेजारी. येणारा प्रत्येक जण मला हातात घ्यायचा. मी काय होतो? गळाला लावलेलं गांडूळ. फरक एवढाच की गांडूळ जिवंतपणी वळवळून तरी सांगतं, मी तेही केलं नाही.

वदीअ आणि हिंद आले ती दुपार मला विसरता येत नाही. वदीअ गावातला जुना औषधवाला, अडुसष्ट वर्षांचा; सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. हिंद त्याची बायको. एकुलती लेक रनीम फ्रान्समध्ये, ल्यों शहरात दिलेली, आणि तिला दिवस गेलेले. म्हाताऱ्यांनी दोनदा व्हिसा मागितला, दोनदा नकार आला. लेबनॉनचा पासपोर्ट दाखवला की समोरच्याचा चेहराच उतरतो, त्याला बिचारे काय करणार! दुसरा पासपोर्ट मिळाला तर नातवंड मांडीवर घेता येईल, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी घराण्याचा शेवटचा द्राक्षमळा विकायला निघाले होते.

"धरा हातात, वहिनी. लाजताय काय? वास घेऊन बघा," नबीह म्हणाला.

हिंदने मला पदराला... छे, कुठला पदर, तिने मला ओढणीच्या टोकाने पुसलं आणि नवऱ्याकडे दिलं. वदीअने खिशातून भिंग काढलं. गेली काही वर्षं बाजारात खोट्या औषधांचा सुळसुळाट होता, त्यामुळे प्रत्येक खोकं तो भिंगाखाली घालायचा. त्याच भिंगाने त्याने मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासलं. मी पास झालो. होणारच.

"खरा आहे," वदीअ म्हणाला.

"पण भाऊ, आम्ही गावातल्या वकीलबाईला विचारलं, ती वेगळंच सांगत होती," हिंद हळूच म्हणाली. "म्हणाली, त्या देशाच्या सरकारने एजंटांची यादी लावलेली असते, त्यात नाव आहे का ते आधी बघा. पैसे कुणाच्या हातात देऊ नका, सरकार सांगेल त्याच खात्यात भरा. चौकशी होते, महिने लागतात. आणि नक्की मिळवून देतो असं जो म्हणेल त्याच्या घराची पायरी चढू नका."

"कोण, नायला? गुणी मुलगी आहे हो. पण तिचा आत कुणी माणूस आहे का?"

"नाही. ती म्हणते, आत कुणी नसतंच."

नबीह पोट धरून हसला. "आत कुणी नसतंच! ऐकलंत का डॉक्टर? आपल्याकडे विजेचं मीटर बसवायचं तर आत माणूस लागतो, आणि पासपोर्टाला म्हणे नको! माझा माणूस मंत्रालयात आहे. सहा आठवडे. कागद नाही, चौकशी नाही, खर्च निम्मा. आपली माणसं म्हणून."

वदीअही हसला. इथेच घात झाला. इथल्या माणसाचं सगळं आयुष्य वशिल्यावर चाललेलं. शाळेतला प्रवेश वशिल्याने, इस्पितळातली खाट वशिल्याने, टेलिफोनची तारसुद्धा वशिल्याने. त्यामुळे जी बाई सरळ म्हणाली की वशिला लागत नाही, ती त्यांना कच्ची वाटली. आणि जो थाप मारत होता तो वाटला पोचलेला.

"पावती वगैरे...?" हिंदने शेवटचं विचारून बघितलं.

नबीहने कप खाली ठेवला. चेहरा असा केला की जणू कुणी थोबाडीत मारली. "पावती? उम्म रनीम, तुमच्या लग्नात नाचाच्या रांगेत सगळ्यात पुढे माझे वडील होते. आणि तुम्ही माझ्या घरात बसून पावती मागता?"

हिंद शरमेने लाल झाली. रनीमची आई म्हणून मानाने हाक मारणाऱ्या माणसाला आपण असं बोललो, याचंच तिला वाईट वाटलं. तिने उलट त्याचीच माफी मागितली! आणि मी? मी टेबलावर पडून होतो, सोनेरी अक्षरं मिरवत. तोंड नाही मला, कबूल. पण एखादं पान तरी गळून पडायचं होतं. शिवण उसवायची होती. काहीही केलं नाही मी.

मळा विकला. रोख रक्कम नबीहच्या कपाटात गेली. बँकेवर कुणाचा भरवसा राहिलेला नव्हता, म्हणून हातोहात देण्यात कुणाला काही वावगं वाटलंच नाही.

त्यापुढचं आणखी वाईट. हिंदने घरी जाऊन धाकट्या बहिणीला, सामियाला सांगितलं, "हात लावून बघितलाय गं. वदीअने भिंगाने बघितलाय." सामिया विधवा, शिवणकाम करून पोट भरणारी. पुढच्या आठवड्यात ती आली ती शिवणाचं दुकान विकूनच. तिने मला उघडलंसुद्धा नाही. "हिंदने बघितलाय ना, मग झालं," म्हणाली, आणि पिशवी नबीहपुढे ठेवली.

मग एका दुपारी नबीहने मला कुठल्याशा खोलीत नेलं. काचेवर पालथं घातलं, दिव्याखाली फोटो काढले, अंगाअंगाचं माप घेतलं. थोड्या दिवसांत माझ्यासारखी दिसणारी पुस्तकं तयार झाली. तोच रंग, तेच नारळाचं झाड. जीव मात्र नव्हता त्यांच्यात. त्यांचे नंबर कुठल्याच सरकारने कधी काढलेले नव्हते. माझ्या तोंडवळ्याची ती पोरं, कशाला नाकारू? त्यातलीच दोन वदीअ आणि हिंदच्या हातात पडली.

रनीम बाळंत झाली, मुलगा झाला. वदीअ म्हणाला, "मी पुढे जातो, तू मागून ये." नवा कोट शिवून घेतला. नातवासाठी खारवलेल्या पिस्त्यांचा डबा घेतला. दात नसलेल्या पोराला पिस्ते, पण आजोबाला कोण सांगणार!

पुढचं मी हिंदच्याच तोंडून ऐकलं. ल्योंच्या विमानतळावर यंत्राने पुस्तक वाचायला नकार दिला. अधिकाऱ्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. बाहेर रनीम आठवड्याचं बाळ छातीशी धरून संध्याकाळपर्यंत उभी होती. आत म्हातारा हात जोडून सांगत होता की फक्त पाच मिनिटं बघू द्या, मग काय करायचं ते करा. नऊ दिवस कोंडून ठेवलं आणि परत पाठवलं. वर पाच वर्षं पाऊल ठेवायची बंदी. घरी आल्यावर तो एकच वाक्य बोलला म्हणे, "पाच वर्षांनी मी असेन का, हिंद?"

हिंद तडक नबीहच्या घरी आली. नबीहने कपाळ बडवून घेतलं, आईची शपथ घेतली, त्या आतल्या माणसाने मलाही बुडवलं म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो आत गेला. मी टेबलावरच होतो, नुकतंच एक तरुण जोडपं पैसे देऊन, मला कुरवाळून गेलं होतं. हिंदने माझ्याकडे पाहिलं. इतक्या तिरस्काराने माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. तिने मला उचललं, पिशवीत भाजीखाली कोंबलं आणि कॉफी न पिता निघून गेली.

घरी तिने मला दलियाच्या बरणीत पुरलं. दुसऱ्याच सकाळी नबीह दारात.

"वहिनी, काल चुकून तुमच्या पिशवीत माझं पुस्तक..."

"कुठलं, प्रार्थनेचं?"

"थट्टा नका करू हो. मला सायप्रसला जायचंय. तातडीचं आहे."

"मग व्हिसाचा अर्ज करा ना. रांग सकाळी सहाला लागते. पाण्याची बाटली न्या, ऊन असतं."

दलियात गाडलेला असूनही मला हसू फुटलं. माझ्यावाचून तो आता इतरांसारखाच झाला होता. शेवटी तो रडकुंडीला आला. म्हणाला, "मळ्याचे सगळे पैसे देतो. उद्या आणून देतो. पुस्तक तेवढं द्या, आणि कुठे बोलू नका."

तो गेल्यावर वदीअ आतल्या खोलीतून आला. "देऊन टाक, हिंद. नातू तर गेलाच हातचा. म्हातारपणाला चार पैसे तरी राहतील."

"आणि सामियाचे?"

"सामियाचं सामिया बघेल."

"तिला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं, वदीअ. हात लावून बघितलाय म्हणून मी सांगितलं होतं."  

ती मला घेऊन बहिणीकडे गेली आणि सगळं सांगितलं. लाजेपोटी हिंदने वदीअचं काही कळू दिलं नव्हतं, त्यामुळे सामियाला तोवर पत्ताच नव्हता. ती अजून पासपोर्ट येण्याची वाट बघत, बॅगा भरून बसलेली. आधी तिला खरंच वाटेना. मग ती भडकली. "तोंडाकडे बघून दिले गं तुझ्या! त्या मेल्याला मी ओळखत तरी होते का?"  सामिया बोलून बोलून थकली, मग तिनेच हिंदला पाणी आणून दिलं. मग दोघी नायलाकडे गेल्या.

नायलाने मला उलटून पालटून पाहिलं. "हा तुमच्याकडे कसा आला, काकू?"

"दलियात सापडला."

"मी हे ऐकलंच नाही असं समजते," नायला म्हणाली. मग तिने नीट समजावलं. पासपोर्ट बाळगणाऱ्याचा नसतो, ज्या सरकारने काढला त्याचा असतो. सगळ्या फसलेल्यांच्या सह्यांची तक्रार जोडून मला बेटाच्या कचेरीकडे धाडलं तर ते मला रद्द करतील. नबीहला पळता येणार नाही, इथे खटला उभा राहील. "पण खटल्याला वर्षं लागतील, काकू. पैसे मिळतील, न मिळतील. त्याला हा परत दिलात तर तुमचे उद्याच मिळतात. आणि परवा तो गेलेला असेल."

 सामिया हिंदकडे बघत होती, पण मागत काहीच नव्हती.

"पाठव, पोरी," हिंद म्हणाली. "मला एकटीला नकोत ते पैसे. तक्रारीत एक गोष्ट मात्र लिही. बहिणीला तिकडे मी धाडलं होतं. माझं नाव घालून लिही."

वदीअ संध्याकाळी आला. रागात होता, पण सही केली. मग नबीहच्या टेबलावर मला कुरवाळणारं ते तरुण जोडपं आलं. मग आणखी चार घरं. बऱ्याच जणांना वाटत होतं की फसलेले आपण एकटेच, आणि लाजेने सगळे गप्प होते.

आता मी नायलाच्या टेबलावर जाड पाकिटात आहे. उद्या माझा प्रवास, त्या बेटाकडे. तिथे माझा कोपरा कातरतील, पानापानाला भोक पाडतील. त्याची भीती नाही मला. हिंदचं पाप एका वाक्याचं होतं, तेही तिने कबूल केलं. माझं प्रत्येक पानावर आहे.

बाबांनो, एवढं ऐका. कुणी तुमच्यासमोर माझ्यासारखा पासपोर्ट ठेवला तर त्याला बघत बसू नका. तो खरा असेल. त्याने तुमचा कसा खरा होईल? ज्या देशाचं नागरिकत्व हवंय त्या देशालाच विचारा, हा माणूस तुमचा आहे का म्हणून. यादी बघा. पावती मागा, आणि समोरचा रुसला तर रुसू दे. घाई करणाऱ्याच्या घरून कॉफी न पिता उठा.

रनीमचा मुलगा आता हसायला लागलाय. आजोबा त्याला फोनवर बघतात आणि काचेवरून बोट फिरवतात. मला रद्द करून ते पोर काही त्यांच्या मांडीवर येणार नाही, हे मला कळतं. तरी पाठवा मला.